नाव, वय, रस्ता

१९९१ सालच्या मे महिन्यात, एका सोमवारी, बेलफास्टमधल्या एका सायंदैनिकाने पाचव्या पानावर एका मुलीचा आणि एका मुलाचा फोटो छापला. फोटोखाली दोघांची पूर्ण नावे, वये आणि ते राहत होते त्या रस्त्यांची नावे होती. जून संपण्यापूर्वी त्या मुलीच्या कुटुंबाने राहते घर सोडले.

मी त्या दैनिकात उपसंपादक होतो. बर्मिंगहॅमच्या एका वर्तमानपत्रात उमेदवारी करून तीन वर्षांपूर्वी तिथे आलो होतो. पाचव्या पानावरचा मजकूर मी लिहिला होता. फोटोओळ माझी नव्हती.

फोटो ज्या जागेचा होता ती जागा म्हणजे आर्ट कॉलेजच्या विद्यार्थी संघाचे वरच्या मजल्यावरचे सभागृह. एरवी तिथे टेबल टेनिस चाले आणि परीक्षेच्या दिवसांत बाके मांडली जात. शनिवारी रात्री तिथे टेक्नो आणि हाउस वाजवले जाई. दारू एक वाजता बंद होई आणि लोकांना बाहेर काढले जाई. आयरिश इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात आज या शनिवारांना मोठे स्थान आहे. त्यावर लेख आले, रेडिओवर कार्यक्रम झाले, एका प्रदर्शनात त्या सभागृहाचा मोडका स्पीकर काचेच्या पेटीत ठेवलेला मी पाहिला आहे. संगीतापुरते हे सगळे खरे आहे. त्या लाकडी जमिनीवर नाचलेल्यांपैकी काहींनी पुढे स्वतःच्या रेकॉर्ड काढल्या, आणि डब्लिनपासून ग्लासगोपर्यंतच्या मुलांनी तशाच रात्री सुरू करून पाहिल्या. बाकीचे खोटे आहे. ‘तिथे भिंती पडल्या,’ असे सांगणारी माणसे मला अनेकदा भेटली. त्यांतली काही तेव्हा प्राथमिक शाळेत होती आणि काही लंडनला राहत होती.

भिंती पडल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंचे लोक शनिवारी वेगवेगळ्या टॅक्सींनी येत आणि वेगवेगळ्या टॅक्सींनी परत जात. टॅक्सींनाही बाजू होती.

उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा या दोन बाजूंत वीस वर्षे रक्तपात चालला होता, आणि माणूस कॅथलिक की प्रोटेस्टंट हे त्याला विचारावे लागत नसे. आडनाव कळले की अंदाज येई, शाळा किंवा रस्ता कळला की खात्री होई. आडनाव ऐकून जात ओळखणाऱ्या प्रदेशातल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. फोटोतली मुलगी एका बाजूची होती आणि मुलगा दुसऱ्या बाजूचा. कोण कोणत्या बाजूचे, हे इथे लिहिण्याचे कारण नाही.

शनिवारची ती रात्र चालवणारा माणूस एका रेकॉर्डच्या दुकानात काउंटरवर उभा राहत असे. कोणी चालू फॅशनची रेकॉर्ड मागितली की तो ती अशा तऱ्हेने पिशवीत घाली की गिऱ्हाईक पुन्हा येऊ नये. शनिवारी त्याचा एकच नियम होता. सभागृहात आणि बाहेरच्या रांगेत आडनाव विचारायचे नाही, शाळा विचारायची नाही, रस्ता विचारायचा नाही. नियम कुठे लिहिलेला नव्हता. रांगेत एखादा नवखा शेजारच्याला म्हणे, “तू कुठल्या शाळेत होतास रे?” की मागून आवाज येत.

“घ्या! साहेब आले!”

“साहेब, फॉर्म आणलायत का? कुठे सही करू?”

“त्याला बूट पण दाखव, बुटाचं माप राहिलंय त्याचं!”

नवखा पुन्हा विचारत नसे. पुढे या नियमाबद्दल बरेच भावपूर्ण लिहिले गेले. मी त्या माणसाला तेव्हाच विचारले होते. तो म्हणाला, “उदात्त वगैरे काही नाही. एक विचारतो, दुसरा सांगतो, तिसरा बाटली उचलतो. मग पहाटेपर्यंत काचा गोळा करत मी बसतो. मला काचांचा कंटाळा आहे.”

हे वाक्य मी बातमीत घातले होते. ते छापले गेले नाही.

बातमी करायची कल्पना आमच्या वृत्तसंपादकाची होती. त्याच्या मुलीने घरी जेवताना त्या शनिवारांचे नाव काढले होते. तोपर्यंत आमच्या दैनिकाच्या दृष्टीने शहरात संगीत म्हणजे बँडची मिरवणूक आणि चर्चमधले गायन. त्याने मला बोलावले.

“तू जा. तू कुठल्याच बाजूचा नाहीस.”

त्या कार्यालयात मला मिळालेली बरीचशी बाहेरची कामे याच एका पात्रतेवर मिळाली.

मी शनिवारी दुपारी गेलो, कारण तयारी दुपारी होत असे. सभागृहात एक मुलगी शिडीवर चढून पांढऱ्या चादरी टांगत होती आणि खाली एक मुलगा शिडी धरून उभा होता. ती शहरातल्या एका मोठ्या दुकानात पडद्यांच्या विभागात शिवणकाम करी. हॉस्पिटलने टाकून दिलेल्या चादरी ती मिळवी, जोडून शिवी आणि छतापासून जमिनीपर्यंत सोडी. त्यांच्यावर मागून प्रोजेक्टरने स्लाइड टाकल्या जात. कॉलेजने काढून टाकलेल्या, खडकांच्या आणि शेवाळाच्या. लोक ज्याला त्या रात्रीचे रूप म्हणून आठवतात ते या चादरींचे रूप होते. डीजेंच्या मुलाखती मी पुढे अनेक वाचल्या. त्यांत ध्वनिमुद्रिकांचे क्रमांक आहेत, मिक्सरचे मॉडेल आहे, कोणी कोणाला कोणती रेकॉर्ड लंडनहून आणून दिली ते आहे. चादरींचा उल्लेख दोनदा आला, दोन्ही वेळा ‘काही पडदे’ असा.

चादरींचे गठ्ठे तिचे वडील आणून देत. ते बेकरीची व्हॅन चालवत आणि दारोदार पाव पोचवत. शनिवारची फेरी संपली की रिकाम्या ट्रेच्या जागी गठ्ठे घालून कॉलेजवर येत. मी पोचलो तेव्हा ते शेवटचा गठ्ठा वर आणत होते. तपकिरी कोट, हातावर पिठाची पांढरट रेघ. त्यांनी माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले.

“तू पेपरचा?”

“हो.”

“हिचं नाव घालू नकोस. बाकी काय घालायचं ते घाल. चादरींचं घाल, त्या धडधडीचं घाल. आमचं आडनाव नको.”

“बरं.”

“नीट ऐक. मी सकाळी दोन्हीकडे पाव टाकतो. दोन्हीकडचे मला पाववाला म्हणतात. तेवढंच म्हणू देत. आमच्या गल्लीत हिच्याबद्दल कोणाला काही माहीत नाही. शिवणकाम करते, एवढंच माहीत आहे. आम्हाला तिथेच राहायचंय.”

वरून मुलगी म्हणाली, “डॅडी, तो काय लिहिणार आहे? चादरी पांढऱ्या होत्या, एवढं लिहील.”

“तू शिडीकडे बघ. पडलीस तर फुकट बातमी होशील.”

मी नाव घालणार नाही असा शब्द दिला. ते गेले. व्हॅन सोमवारच्या फेरीसाठी धुवायची होती.

फोटोग्राफर त्यानंतर आला. तो आमच्या दैनिकात जुना होता आणि दिवसभरातली त्याची ती चौथी जागा होती. आधी एक लग्न, एक शाळेचा वार्षिक समारंभ आणि एक जळालेली बस झाली होती. जिन्यात भेटताच त्याने मला विचारले, “तू हिंदू ना? पण कॅथलिक हिंदू की प्रोटेस्टंट हिंदू?” हा विनोद त्या शहरात मला भेटलेल्या जवळपास प्रत्येकाने केला, आणि प्रत्येकाची अशी समजूत होती की तो त्यालाच सुचला आहे.

मी खाली तळघरात रात्र चालवणाऱ्या माणसाबरोबर स्पीकर पाहायला गेलो. पुढचे मला शिडी धरणाऱ्या मुलाने नंतर सांगितले, आणि मुलीने ते तसेच सांगितले. मुलगा प्लंबरच्या हाताखाली काम करणारा, वीस वर्षांचा. शनिवारी फुकट आत यायला मिळावे म्हणून तो दुपारी ओझी उचले. फोटोग्राफरला आधी डीजेंचा फोटो घ्यायचा होता. ते तिघे भिंतीला टेकून काळे चष्मे लावून उभे राहिले.

“यांचे चेहरे सोमवारी संध्याकाळी कोणाला बघवायचे नाहीत,” तो म्हणाला. “ए पोरी, खाली ये. आणि तू, शिडी सोड. तिच्या शेजारी उभा राहा. जवळ. हात खांद्यावर ठेव.”

“कशाला?” मुलगी म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

“फ्रेममध्ये बसत नाही म्हणून.”

“याची गर्लफ्रेंड मला मारेल.”

“तिला म्हणावं, पेपरवाल्यानं सांगितलं. हस बघू. टाचण्या काढून हस.”

दोघे हसले. फोटो चांगला आला, हे मान्य केले पाहिजे. मग त्याने खिशातून चिठ्ठी आणि पेन काढले आणि मुलाकडे न पाहता म्हणाला, “नाव? वय? राहतोस कुठे?”

मुलाने सांगितले. आडनावासकट, रस्त्यासकट, एका दमात. मग पेन मुलीकडे वळले आणि तिनेही सांगितले.

यावर मी पुष्कळ जणांना अविश्वास दाखवताना पाहिले आहे. ज्या रात्री आडनाव विचारले तर रांग हसते, त्या रात्रीच्याच दोघांनी, वडिलांनी तासापूर्वी बजावलेले असताना, एका अनोळखी माणसाला सगळे कसे सांगितले? त्या शहरात वाढलेल्या कोणालाही हे कोडे वाटत नाही. नाव, वय, कुठे राहतोस, कुठे चाललास, हे चार प्रश्न त्या मुलांना शाळेत जायला लागल्यापासून रस्त्यात अडवून गस्तीवरचे ब्रिटिश सैनिक विचारत आले होते. ज्याच्या हातात पेन आहे आणि जो तुमच्याकडे पाहत नाही, त्याला उत्तर द्यायचे असते, एका दमात, न अडखळता. तसे केले की सोडतात. सभागृहाचा नियम त्यांनी एकमेकांसाठी केला होता. पेनवाल्या माणसासाठी त्यांच्याकडे जुनाच नियम होता.

सांगून झाल्यावर मुलीच्या लक्षात आले. ती म्हणाली, “पण नाव छापायचं नाही हं.”

“ऑफिससाठी लागतं,” फोटोग्राफर म्हणाला. “छापणं न छापणं वरचे बघतात.”

त्याने चिठ्ठी खिशात घातली आणि पाचव्या जागी निघून गेला. मी वर आलो तेव्हा ती पुन्हा शिडीवर होती. तिने मला काही सांगितले नाही. तिला वाटले मला माहीत आहे.

रविवारी मी मजकूर लिहून दिला. त्यात एकही आडनाव नव्हते. सोमवारी माझ्याकडे पहिले पान होते. आतली पाने दुसरे लोक लावत. डाक आवृत्तीचे, म्हणजे बाहेरच्या वस्त्यांना आणि गावांना जाणाऱ्या पहिल्या आवृत्तीचे, अंक दुपारच्या आधी छापखान्यातून वर आले तेव्हा मी पाचवे पान पाहिले. मथळा होता: ‘दोन बाजू, एक नाच’. माझ्या मजकुरातल्या चादरी गेल्या होत्या, काचांचे वाक्य गेले होते आणि ‘प्रेम’ हा शब्द आला होता. खाली फोटोओळीत दोघे होते. नाव, वय, रस्ता. नाव, वय, रस्ता.

मी अंक घेऊन वृत्तसंपादकाच्या टेबलापाशी गेलो.

“नावं कोणी घातली?”

“फोटोग्राफरनं आणली, आम्ही घातली. नावं आणणं त्याचं काम आहे. खरं तर तुझंही होतं.”

“मी शब्द दिला होता.”

“कोणाला?”

“मुलीच्या वडिलांना.”

“वडील आपल्याकडे जाहिरात देतात का?”

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. तो पुढे म्हणाला, “हे बघ, बिननावाचा फोटो आपण फक्त प्रेताचा छापतो. तोही ओळख पटेपर्यंत. माणूस जिवंत असेल तर नाव, वय, रस्ता. शाळेतल्या नाटकातल्या माकडाचंसुद्धा आपण नाव-वय-रस्ता देतो. इथे वेगळं करायला हे कोण लागून गेलेत?”

“त्या दोन रस्त्यांची नावं शेजारी शेजारी वाचून लोक काय करतील, तुम्हाला माहीत आहे.”

“लोकांना बरं वाटेल. तीच तर बातमी आहे.”

“निदान शहर आवृत्तीत तरी काढा.”

त्याने घड्याळ पाहिले, मग पान पाहिले. “रस्ते काढतो. नावं राहतील. एक ओळ कमी होईल, खाली त्या सोफ्याच्या जाहिरातीला जरा श्वास मिळेल.”

शहर आवृत्तीत रस्ते नव्हते. मुलीच्या वस्तीत डाक आवृत्ती जात असे. ती घेऊन गाड्या निघाल्या होत्या.

मंगळवारी ती मुलगी आमच्या कार्यालयाच्या तळमजल्यावरच्या खिडकीपाशी आली. त्या खिडकीत छोट्या जाहिराती आणि मृत्यूच्या सूचना घेत. पहारेकऱ्याने तिची पिशवी तपासून आत सोडले. मला बोलावणे आले आणि माझ्यामागे वृत्तसंपादकही उतरला. कोणी कार्यालयात येऊन तक्रार केली की तो स्वतः भेटत असे. त्याचा त्याला अभिमान होता.

ती म्हणाली, “हा मुलगा शिडी धरणारा आहे. मी त्याच्याबरोबर फिरत नाही. तुमच्या माणसानं हात ठेवायला लावला. एवढंच छापा.”

“जरूर,” तो म्हणाला. “चूक असेल तर खुलासा छापायला आम्ही कधी मागेपुढे पाहत नाही.”

“म्हणजे काय छापणार?”

“अमुक दिवशी अमुक पानावर छापलेल्या फोटोत कुमारी अमुक, राहणार अमुक रस्ता, आणि श्रीयुत अमुक, राहणार अमुक रस्ता, यांचे प्रेमसंबंध असल्याचे सूचित झाले होते. तसे काही नाही असे त्या कळवतात.”

“नावं पुन्हा?”

“खुलासा कोणाबद्दल आहे ते वाचकाला कळायला नको?”

“आणि रस्ते?”

“मूळ मजकुरात होते ना. नियम आहे. मूळ मजकूर द्यावा लागतो.”

“म्हणजे मी त्याच्याबरोबर नाही हे सांगायला तुम्ही मला पुन्हा त्याच्या शेजारी उभी करणार.”

“फोटो नसेल,” तो म्हणाला. “फक्त नावं.”

“मग राहू दे.”

तो वर गेला. जिन्यात त्याने मला सांगितले की मुलगी समंजस वाटली.

त्या आठवड्यात तिच्या घराच्या बाजूच्या भिंतीवर रंगाने एक शब्द लिहिला गेला. तो तिच्याबद्दल होता. मग व्हॅनच्या चाकांची हवा गेली, मग चाकेच फाडली गेली. बेकरीने चौकशी केली आणि वडिलांना एका बाजूच्या फेरीवरून काढले. ‘त्यांच्याच सुरक्षेसाठी’ असे शब्द बेकरीने वापरले. उरलेल्या अर्ध्या फेरीसाठी वेगळी व्हॅन परवडत नाही, असे बेकरीला दोन आठवड्यांनी आढळले. पोलीस एकदा आले, भिंत पाहून गेले. मुलाच्या वस्तीत काही झाले नाही. त्याच्या गर्लफ्रेंडने त्याला सोडले, एवढे झाले.

याच दिवसांत नगरपालिकेच्या बैठकीत ते पाचवे पान दोनदा हवेत फडकले. एका बाजूच्या सदस्याने ते अनैतिकतेचा पुरावा म्हणून दाखवले आणि कॉलेजचा परवाना रद्द करायची मागणी केली. दुसऱ्या बाजूच्या सदस्याने तेच पान आशेचा किरण म्हणून दाखवले. दोघांनी फोटोओळ मोठ्याने वाचली. आमच्या प्रतिनिधीने दोघांची भाषणे पूर्ण दिली. परवाना कायम राहिला.

मी रेकॉर्डच्या दुकानात गेलो. कात्रण काउंटरवर काचेखाली लावलेले होते, फोटोओळीसकट, डाक आवृत्तीचे.

“ती शनिवारी आली होती का?” मी विचारले.

“नाही. पण गर्दी बघायला पाहिजे होतीस तू! रांग खालच्या चौकापर्यंत. डब्लिनहून बस करून आले होते. तुझ्यामुळे, खरं म्हणजे. तुला आत यायला कधी पैसे पडणार नाहीत.”

“त्या कात्रणात तिचं आडनाव आहे. रस्ता आहे.”

त्याने वाकून पाहिले, जणू पहिल्यांदाच. “हो की. पण ते काय आता सगळ्यांनी वाचलंय.”

“तुझा नियम होता.”

“तो आतल्यासाठी आहे. आत मी अजून कोणाला विचारू देत नाही.” मग तो म्हणाला, “येईल ती परत. आणि नाही आली तरी चालतंय. चादरींच्या जागी धूर जास्त सोडतो. लोकांना फरक कळत नाही.”

एक गिऱ्हाईक आले. त्याने हातातली रेकॉर्ड खाली ठेवून कात्रण वाचायला सुरुवात केली. मी बाहेर पडलो.

जूनमध्ये मी तिच्या वडिलांना बेकरीच्या फाटकाबाहेर भेटलो. ते हिशेब मिटवायला आले होते. त्यांच्या अंगावर तपकिरी कोट नव्हता. नाव मी घातले नव्हते हे त्यांना मुलीने सांगितले होते, असे ते स्वतःहून म्हणाले आणि तो विषय तिथे संपवला. आदल्या रविवारी घरी दोघे जण आले होते. ओळखीचे होते.

“एकाला तर तो लहान असताना मी बनपाव दिलेत. पाय पुसून आत आला. हिच्या आईनं चहा विचारला. नको म्हणाला, थँक्यू म्हणाला. महिनाअखेरपर्यंत निघा, म्हणाला.”

“पोलिसांना सांगितलंत?”

“काय सांगू? पाय पुसून आला म्हणून?” ते हसले. “भाडं महिनाअखेरीलाच भरतो आम्ही. हिशेबाला सोपं.”

मी ही माहिती वृत्तसंपादकाला दिली. धमकी देऊन घराबाहेर काढलेल्या कुटुंबांच्या बातम्या त्या काळी आतल्या पानावर चार ओळींत जात. ही बातमी अकराव्या पानावर चार ओळींत गेली: शहराच्या अमुक भागातील एका कुटुंबाने दबावामुळे घर सोडल्याचे समजते, पोलीस तपास करत आहेत. प्रूफ पाहताना मी विचारले, यात नावे का नाहीत?

“वेडा आहेस का?” तो म्हणाला. “सुरक्षेचा प्रश्न आहे. अशा बातमीत नाव-रस्ता देत नाहीत आपण.”

ते कुटुंब जूनच्या शेवटच्या आठवड्यात सकाळच्या बोटीने गेले. वडील, आई, मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. शनिवारची रात्र पुढच्या वर्षापर्यंत त्याच सभागृहात चालली आणि मग मोठ्या जागेत गेली.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी शहराच्या दक्षिणेला राहणाऱ्या एका मराठी डॉक्टरांकडे जेवायला होतो. ते तिथे जीपी, म्हणजे ठरावीक कुटुंबे नावावर असलेले सरकारी फॅमिली डॉक्टर होते. त्या शहरात मराठी घरे मोजकी होती आणि सगळी हॉस्पिटलची किंवा दवाखान्याची. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी मला आडनाव विचारले होते, मग गाव, मग “म्हणजे तुम्ही नक्की कोण?” असे. उत्तराने त्यांचे समाधान झाले की नाही ते कळले नाही, पण जेवायला बोलावत.

“अहो भावजी, भाजी घ्या ना,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “तुम्ही पेपरवाले नुसते चहावर जगता की काय?”

“तुमच्या पेपरनं माझं काम वाढवलं बरं का,” डॉक्टर म्हणाले. “तो पाववाला. ती अख्खी फॅमिली माझ्या लिस्टवर होती. पेपरवर्क किती असतं, यू हॅव नो आयडिया. सगळे रेकॉर्ड्स बर्मिंगहॅमला पाठवायला लागले.”

“बर्मिंगहॅमला गेले ते?”

“हो. तू तिथलाच ना? चांगलं शहर आहे. डायरेक्ट बस, डायरेक्ट ट्रेन. बरंच झालं म्हणायचं.”

“अहो, पेशंटचं असं बोलू नये,” पत्नी म्हणाल्या.

“हा कोणाला सांगतोय? पेपरात आहे हा!” डॉक्टर स्वतःच्या विनोदावर मनापासून हसले.

“आपलं मात्र बरं आहे बाई,” त्या म्हणाल्या. “आपल्याला इथे कोणी आडनावावरून काही करत नाही. त्यांचं त्यांचं चालू असतं. आपण कशाला पडायचं त्यात?”

“एक्झॅक्टली,” डॉक्टर म्हणाले. “आणि घर काही रिकामं राहत नाही. गेल्याच आठवड्यात नवीन लोक रजिस्टर करायला आले होते, त्याच पत्त्यावर. तान्हं बाळ आहे. थोडा कफ होता.”

सोमवारी मी भाड्याची सरकारी घरे वाटप करणाऱ्या कार्यालयाला फोन केला. तिथल्या बाईंनी नोंद पाहून सांगितले की ते घर दुसऱ्या कुटुंबाला देण्यात आले आहे आणि बाजूच्या भिंतीला रंग दिला आहे.